रोजचं रनिंग किती?

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथ, फाउंड्री आणि पंपांच्या दुकानांच्या गर्दीत माझं गॅरेज आहे. वडिलांच्या काळात गाडी आत आली की एकच गोष्ट विचारावी लागायची, पेट्रोल का डिझेल. आता त्याच शेडमध्ये ई-२० वरची, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवरची गाडी, सीएनजी किट, हायब्रिड आणि काजळीचा फिल्टर असलेलं डिझेल एकाच दिवसात येतं. गिऱ्हाईक मात्र सगळे एकच विचारतात : "मेस्त्री, ह्यात चांगलं कुठलं?" माझा उलटा प्रश्नही ठरलेला असतो.

सकाळी ७

गॅरेज नऊला उघडतं, पण सकाळी सेल्फ घेत नाही अशी तक्रार असलेली गाडी असली की मी सातलाच येतो. अशी गाडी रात्रीच ठेवून घ्यावी लागते. इंजिन एकदा गरम झालं की ते शहाण्यासारखं वागतं आणि आजार लपवतं.

आजची गाडी दहा-बारा वर्षांची, पेट्रोलची. किल्ली फिरवली. दोन वेळा नुसताच घरघराट झाला, तिसऱ्यांदा सुरू झाली ती मिसिंग मारतच. मालकाचं निदान आधीच तयार आहे : "सगळं त्या इथेनॉलनं केलंय."

अर्धं खरं आहे. एक किलो पेट्रोल नीट जाळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असतो, त्यामुळे त्याला नऊच किलो पुरते. म्हणजे तेवढ्याच हवेत इंधन जास्त सोडावं लागतं. सायलेन्सरच्या पाइपातला ऑक्सिजन सेन्सर हे ओळखतो, आणि कॉम्प्युटर इंजेक्टर थोडा जास्त वेळ उघडा ठेवतो. ही वाढ स्कॅनरवर टक्क्यांत दिसते. शिवाय इथेनॉलला वाफ व्हायला उष्णता जास्त लागते, म्हणून थंड इंजिनाला ते जरा जड जातं.

स्कॅनर लावला. वाढ दिसते अठरा टक्के. साध्या पेट्रोलसाठी बनवलेल्या गाडीत ई-२० घातलं तर हिशेबानं फार तर आठ टक्के वाढ समजू शकते. उरलेली दहा कुठून आली? टॉर्च घेऊन इनटेकच्या मागं पाहिलं, तर व्हॅक्यूमचा एक बारीक पाइप टोकाला चिरलेला. चोरून आत येणारी ही हवा मोजली जात नाही, आणि थंड इंजिन मंद चालत असताना तीच सगळ्यात जास्त त्रास देते. पाइप बदलला, प्लग साफ केले, आकडा खाली आला. इंधनाच्या माथी आठ टक्के मारायला हरकत नाही, बाकीचे न झालेल्या सर्व्हिसिंगचे.

सकाळी ९

शटर पूर्ण वर गेलं की पहिले येतात ते गुरुजी. गाडी मागच्या शतकातली, कार्बोरेटरवाली, आणि गुरुजींच्या स्वभावासारखी टापटीप. हिच्यात सेन्सर नाही, कॉम्प्युटर नाही. कार्बोरेटरचं जेट जेवढ्या भोकाचं आहे तेवढंच पेट्रोल सोडणार, मग त्यात काय मिसळलंय याच्याशी त्याला देणंघेणं नाही. त्यामुळे ई-२० वर हिचं मिश्रण पातळ होतं, पिकप पडतो आणि इंजिन तापतं.

गुरुजींची तक्रार वेगळी आहे. गाडी चढाला बंद पडते, थोडं थांबलं की परत चालू होते. पेट्रोल फिल्टर काढून मी तो ब्लेडनं उभा कापला. आतला कागद तपकिरी, चिकट, आणि घड्यांमध्ये गंजाचा भुगा. इथेनॉल चांगला द्रावक आहे. टाकीच्या भिंतीवर वर्षानुवर्षं बसलेला डिंकासारखा थर ते सोडवतं आणि तो सगळा फिल्टरमध्ये येऊन बसतो. रबरी पाइप दोन बोटांत दाबून दाखवला. फुगलाय, मऊ पडलाय, टोकाला बोटाला काळं लागतंय.

"म्हणजे गाडी विकू का?" गुरुजींचा चेहरा उतरला.

"विकू नका ओ. पाइप इथेनॉलला टिकणारा घालू, पंपाचं डायफ्राम बदलू, जेट एक नंबर मोठं टाकू. फिल्टर आता बदलतो, महिन्यानं परत बदलू. आणि पावसाळ्यात गाडी अर्ध्या टाकीवर उभी करून पुण्याला लेकाकडं जाऊन बसू नका."

शेवटची सूचना सगळ्यात महत्त्वाची. इथेनॉल हवेतलं बाष्प ओढतं. टाकी रिकामी तेवढी आत दमट हवा, आणि कोल्हापूरच्या आषाढात हवा कशी असते हे सांगायला नको. पाणी ठरावीक मर्यादेपलीकडं गेलं की ते इथेनॉलला सोबत घेऊन तळाशी वेगळं बसतं. पंपाची नळी तळाशीच असते.

सकाळी १०.३०

शिरोळकडचे आबा आले ते थेट बाटली घेऊनच. गाडी नवी, २०२३ च्या शेवटची. "पंपवाल्यानं पेट्रोलमध्ये पाणी घातलंय बघा. पोरानं मोबाईलवर बघून टेस्ट केली. पाणी घातलं तर पाणीच वाढलं!"

माझ्याकडं त्यासाठी शंभर मिलिलिटरची काचेची मोजनळी आहे. आधी आबांचं पेट्रोल नुसतंच ओतून पाच मिनिटं उभं केलं. वरपासून खालपर्यंत स्वच्छ, तळाशी थर नाही. म्हणजे पाणी नाही. मग त्यातलं ऐंशी मिलिलिटर ठेवलं, वीस मिलिलिटर पाणी घातलं, तोंडावर अंगठा दाबून जोरात हलवलं आणि बाकावर ठेवलं. आधी सगळं दुधासारखं झालं. मग हळूहळू दोन थर पडले, आणि त्यांच्यामधली रेघ वीसवर न थांबता पस्तिसाच्या आसपास जाऊन बसली.

"हे बघा वाढलं!"

"वाढलं ते पाणी नव्हे आबा. पेट्रोलमधलं इथेनॉल पाण्यात उतरलं. ऐंशीचे वीस टक्के सोळा. तुमचंच उसाचं आहे ते."

आबा नळीकडं वाकून बघत राहिले. वर्षानुवर्षं ऊस कारखान्याला घालणाऱ्या माणसानं तो ह्या रूपात पहिल्यांदाच पाहिला असावा. एक टन उसाच्या रसापासून सुमारे ७० लिटर इथेनॉल मिळतं. मळीपासून केलं तर टनामागं बरंच कमी, पण मग साखरही हाती राहते. आता तर देशात मक्यापासून आणि तांदळापासून होणारं इथेनॉल उसाच्या पुढं गेलंय, हे ऐकून आबांना जरा रागच आला.

पेट्रोलमध्ये ५ टक्के इथेनॉल मिसळायला २००३ मध्ये सुरुवात झाली. २०१४ पर्यंत प्रमाण दीड टक्क्याच्या आसपासच घुटमळत होतं. जून २०२२ मध्ये ते १० टक्क्यांवर आलं आणि २०२५ मध्ये २० वर. आधी २०३० साठी ठरवलेलं लक्ष्य पाच वर्षं अलीकडं आलं. रस्त्यावरच्या गाड्या मात्र तेवढ्या वेगानं बदलत नाहीत. एप्रिल २०२३ पासूनच्या नव्या गाड्यांचे पाइप, सील, टाकी ई-२० ला टिकतील असे आहेत. आधीच्या बहुतेक गाड्या दहा टक्क्यांपर्यंतच्याच हिशेबानं बनलेल्या.

"मग ॲव्हरेज का पडलं?"

इथेनॉलच्या लिटरात पेट्रोलपेक्षा जवळपास एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. वीस टक्क्यांचा तिसरा हिस्सा काढा, सहा-सात टक्के येतात. नीती आयोगाच्या समितीनं २०२१ च्या अहवालात जुन्या धाटणीच्या चारचाकींसाठी हाच आकडा दिला होता. ई-२० साठी जुळवलेल्या इंजिनात तूट एक ते दोन टक्क्यांवर येते, कारण इथेनॉलचा ऑक्टेन मोठा असतो. ठोका न देता इंजिन जास्त दाब सोसतं, आणि जास्त दाबात त्याच इंधनातून काम जास्त निघतं. आबांची गाडी ह्या मधल्या पिढीतली. पाइप नव्या इंधनाचे, जुळवणी पुरती नव्हे. टायरमधली हवा मात्र चारही चाकांत कमी निघाली. ती भरून दिली आणि त्याचे पैसे घेतले नाहीत.

दुपारी १२

गगनबावड्याच्या रस्त्यावर प्रवासी भरून वडाप करणारी सीएनजी गाडी. ड्रायव्हर घाईत आहे, कारण गाडी उभी म्हणजे धंदा बंद. तक्रार : चढाला ओढत नाही, आणि सकाळी पंपावर गॅसच भरून दिला नाही.

दुसऱ्या तक्रारीचं उत्तर डिकीत आहे. सिलिंडरची दर तीन वर्षांनी पाण्याच्या दाबावर चाचणी करावी लागते, तिला सगळे हायड्रो टेस्ट म्हणतात. ह्या सिलिंडरच्या पट्टीवरची तारीख उलटून गेलीय. पंपवाला बरोबर वागला. ह्या सिलिंडरमध्ये गॅस २०० बार दाबानं भरला जातो, चाकातल्या हवेच्या दाबाच्या जवळपास शंभरपट. तिथं "चलता है" चालत नाही. सिलिंडर उतरवून टेस्टला पाठवला. तोवर गाडी पेट्रोलवर चालवायची म्हटल्यावर ड्रायव्हरनं कपाळाला हात लावला.

चढाचं दुखणं दोन ठिकाणी निघालं. सीएनजी ठिणगीला सहज पेटत नाही, तिला व्होल्टेज जास्त लागतं. म्हणून प्लगची फट पेट्रोलपेक्षा कमी ठेवायची. ह्याच्या प्लगची फट झिजून केव्हाच वाढलेली. दुसरं रिड्यूसर. २०० बारचा गॅस तिथं एकदम दोनेक बारवर येतो आणि येताना कमालीचा थंड पडतो. तो गोठू नये म्हणून इंजिनचं गरम कूलंट त्याच्याभोवती फिरवलेलं असतं. इथं कूलंटच कमी. वर हात ठेवला तर रिड्यूसर गारठलेला.

व्हॉल्व्हही मोजले. पेट्रोलचे थेंब व्हॉल्व्हच्या सीटला थोडा ओलावा देतात, गॅस कोरडा जातो. म्हणून सीएनजी गाडीचे टॅपेट जास्त वेळा तपासावे लागतात. गॅस हवेची जागा अडवतो, त्यामुळे ताकद दहाएक टक्के कमी मिळणारच, हे घाटात चालवणाऱ्यानं धरून चालायचं. त्याबदल्यात तेवढ्याच ऊर्जेमागं कार्बन डायऑक्साइड पेट्रोलपेक्षा साधारण पाव हिस्सा कमी. अट एवढीच की गॅस गळता कामा नये, कारण न जळलेला मिथेन हवेत गेला तर तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी जास्त उष्णता अडवतो. प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावून फुगा येतो का ते पाहिलं. बारक्या हेल्परला हे काम फार आवडतं.

बाहेर बसवलेलं किट असेल तर मी आधी आरसी बघतो. त्या मॉडेलसाठी मंजूर किट नसेल आणि आरटीओत नोंद नसेल, तर त्या गाडीला हात लावत नाही. ह्यावरून बरीच गिऱ्हाइकं तुटली.

दुपारी १.३०

भाकरी, आमटी, कांदा. थोरला हेल्पर डब्यावर बसूनच इलेक्ट्रिक गाडीचा कोर्स बघतोय. "मामा, ऑइल नाही, प्लग नाही, क्लच नाही. मग आपण काय करायचं?" सस्पेन्शन, ब्रेक, एसी आणि टायर कुठं पळून जात नाहीत, असं मी त्याला म्हणतो. कोर्स मात्र पुरा करायला सांगतो, त्याचे पैसेही गॅरेजच भरतंय.

दुपारी २.३०

डॉक्टरांची स्ट्राँग हायब्रिड. तिच्यात पेट्रोल इंजिन आणि मोटर दोन्ही, बॅटरी लहान, बाहेरून चार्ज करायची गरज नाही. बॉनेट उघडण्याआधी नारंगी तारा कुठून गेल्यात ते हेल्परला दाखवलं. नारंगी म्हणजे उच्च दाबाची वीज. रबरी हातमोजे आधी फुंकून तपासायचे, मग घालायचे, मग सर्व्हिस प्लग काढायचा, मग थांबायचं. कॅपॅसिटर रिकामा होईपर्यंत कुणी हात घालायचा नाही. इथं मी घाई करणाऱ्याला ओरडतो.

बिघाड साधा निघाला. बॅटरीला गार हवा देणारी जाळी मागच्या सीटजवळ असते. तिच्यावर पिशव्या, शाल आणि कुत्र्याचे केस. फिल्टर तुंबला होता, बॅटरी तापली की पंखा ओरडत होता.

डॉक्टरांची खरी नाराजी दुसरीच : "गावात सुंदर ॲव्हरेज देते, पण बेंगळुरूला जाताना तेवढं देत नाही. उलटं कसं काय?" उलटंच असतं. राजारामपुरीच्या सिग्नलला इंजिन बंद असतं आणि ब्रेक दाबला की एरवी उष्णता होऊन वाया जाणारी ऊर्जा बॅटरीत परत येते. हायवेवर ब्रेकच लागत नाही, मग परत काय मिळणार? तिथं कामाला येतं ते तिचं ॲटकिन्सन पद्धतीचं इंजिन. ते इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद करतं, जोर थोडा सोडतं आणि इंधन वाचवतं. सोडलेला जोर मोटर भरून काढते. डॉक्टरांचं रोजचं जाणं-येणं गावातलंच आहे, म्हणजे गाडी बरोबर घेतली.

दुपारी ४

पुढची गाडी मात्र चुकीची घेतलेली. कॉलेजात शिकवणाऱ्या मॅडम, घर ते कॉलेज तीन किलोमीटर, आणि गाडी मोठी डिझेल. डॅशबोर्डवर काजळीच्या फिल्टरचा दिवा.

बीएस-६ आलं एप्रिल २०२० मध्ये. डिझेलमधलं गंधक ५० पीपीएमवरून १० वर उतरलं, आणि त्यामुळेच धुराच्या वाटेवर हा फिल्टर बसवणं शक्य झालं. काजळी तो अडवून धरतो आणि अधूनमधून सहाशेएक अंश तापून ती जाळून टाकतो. त्यासाठी गाडी सलग वीसेक मिनिटं वेगात धावायला हवी. मॅडमची गाडी तापायच्या आतच कॉलेज येतं. काजळी जळत नाही, जाळण्यासाठी सोडलेलं जास्तीचं डिझेल ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइल पातळ होतं. डिपस्टिक ओढून दाखवली, ऑइल खुणेच्या वर आणि त्याला डिझेलचा वास.

स्कॅनर लावून फिल्टर जाळून घेतला, ऑइल बदललं. "दर रविवारी कागलपर्यंत जाऊन या," असं सांगितलं. मॅडम हसल्या, "म्हणजे प्रदूषण कमी व्हावं म्हणून उगीच फिरायचं?" त्यांचं म्हणणं खोटं नाही. तीन किलोमीटरच्या माणसाला ही गाडी विकणाऱ्यानं हे विचारायला हवं होतं.

सायंकाळी ५.३०

ह्या वेळेला येणारे लोक गाडी घेऊन येत नाहीत, सल्ला घ्यायला येतात. आज एक नवराबायको. तो गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत, ती बँकेत. पहिली गाडी घ्यायची आहे.

"मेस्त्रीकाका, इलेक्ट्रिक घेऊ का सीएनजी? का फ्लेक्स येईपर्यंत थांबू?"

"रोजचं रनिंग किती?"

चाळीसएक किलोमीटर. खाली स्वतःचं पार्किंग आहे, वीजमीटरही स्वतःचा. मग मी कागद पुढं ओढला. तीस युनिटची बॅटरी घरच्या १५ अँपिअरच्या प्लगवर रात्रभरात, नऊ-दहा तासांत भरते. एका युनिटला सहा-सात किलोमीटर धरले तर चाळीस किलोमीटरला सहा-सात युनिट. म्हणजे रोज थोडंसंच चार्जिंग. पुणं सव्वादोनशे किलोमीटर, तिथं वाटेत थांबावं लागेल, आणि ते वर्षातून किती वेळा हे तुम्हीच ठरवा. धूर गाडीतून येत नाही, पण आपल्याकडची बहुतेक वीज अजून कोळशाची, हेही सांगून ठेवलं. तरी मोटर ऊर्जा फार कमी वाया घालवते. पार्किंग भाड्याचं असतं किंवा रोज शंभर-दीडशे किलोमीटर धंद्याला फिरायचं असतं, तर मी सीएनजी सांगितली असती.

फ्लेक्ससाठी, म्हणजे पेट्रोल-इथेनॉलच्या कुठल्याही मिश्रणावर चालणाऱ्या गाडीसाठी, थांबायचा मुद्दा निघालाच. ऑगस्ट २०२३ मध्ये दिल्लीत केंद्रीय मंत्री नितीन गडकरींनी जास्त इथेनॉलवर चालणाऱ्या इनोव्हा हायक्रॉसचा नमुना दाखवला. ब्राझीलनं ही वाट फार आधी धरली. १९७५ मध्ये तिथं अल्कोहोलचा सरकारी कार्यक्रम सुरू झाला, १९७९ मध्ये नुसत्या इथेनॉलवरची फियाट आली आणि २००३ मध्ये फ्लेक्स गाड्या. थंडीत इंजिन चालू व्हावं म्हणून तिथल्या गाड्यांत बरीच वर्षं पेट्रोलची एक छोटी टाकी वेगळी असायची. पण त्यांच्याकडं पंपावर दोन्ही इंधनं शेजारीशेजारी मिळतात आणि गिऱ्हाईक दर बघून ठरवतं. आपल्याकडं गाडी येईल, पुरेसे पंप कधी येतील, आणि इथेनॉल पेट्रोलपेक्षा एक तृतीयांशानं स्वस्त मिळेल का? तेवढा फरक नसला तर नुकसान तुमचंच.

"आणि हायड्रोजन?" त्याचा शेवटचा प्रश्न. २०२२ मध्ये पुण्यात केपीआयटी आणि सीएसआयआर यांनी फ्युएल सेलवरची बस दाखवली, त्यात हायड्रोजन जळत नाही, त्यापासून वीज होते आणि मागून पाणी पडतं. घरच्या गाडीसाठी हप्ते आजपासून भरायचे असतील, तर तो विषय पुढच्या गाडीच्या वेळी काढू.

सायंकाळी ७.३०

शटर अर्धं ओढून उद्याच्या मालाची यादी फोनवर सांगायची. इथेनॉलला टिकणारा पेट्रोल पाइप, सीएनजीचे प्लग, कूलंट, हायब्रिडच्या बॅटरीचा फिल्टर, रबरी हातमोज्यांची नवी जोडी. कार्बोरेटरची जेटं आता दुकानदाराकडं सहज मिळत नाहीत, गुरुजींसाठी ती मी भंगारातल्या कार्बोरेटरमधून काढून ठेवलीत.

रजिस्टरमध्ये प्रत्येक गाडीपुढं इंधन लिहायचा रकाना वडिलांनी आखला होता, रोजच्या रनिंगचा मी वाढवला. दोन्ही रकाने शेजारी ठेवून वाचले की बहुतेक बिघाडांचं कारण तिथंच सापडतं : मॅडमचं डिझेल तीन किलोमीटरला, गुरुजींची टाकी महिनाभर उभी, वडापवाल्याला सर्व्हिसिंगला सवड नाही. टक्के दिल्लीत ठरतात, इंजिन कंपनीत ठरतं. पण फिल्टर कधी बदलायचा, सिलिंडरची तारीख कुणी बघायची आणि तीन किलोमीटरला कसली गाडी घ्यायची, हे घरात ठरतं, आणि धूर किती निघणार ते बरंचसं तिथंच ठरतं. राहता राहिला "चांगलं कुठलं" हा प्रश्न. त्याचं एका शब्दात उत्तर पंपावरचं पोस्टर देतं, मी आपला रनिंग विचारतो.